आईच्या पोटात दुखतं

"टीचर खाली बसून ऐकतात," संस्कृती म्हणाली. "तू वरूनच ऐकतेस."

मी शिलाई मशीनवर होते. कुठल्याशा शाळेच्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी मांडीवर, बाजूला, पायाशी पडल्या होत्या. संध्याकाळी माल न्यायला माणूस येणार होता. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी सोलापुरात गणवेशांची कामं संपत नाहीत. ज्या घरात मशीन आहे त्या घरात कुणाकुणाच्या लेकरांच्या कॉलरी असतातच. मी सुईवरची नजर न काढता म्हटलं, "हं."

"बघ ना. अशा बसतात." तिनं फरशीवर गुडघे टेकले, मान उंच केली, डोळे मोठे केले आणि आपल्या दप्तराला विचारलं, "मग?"

दप्तर काही बोललं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आणखी मऊ आवाजात, "मग? मग काय झालं?"

तो आवाज तिचा नव्हता. माझाही नव्हता.

दुसरीच्या वर्गाला यंदा शुभदा टीचर आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी ‘मनाचा तास’ सुरू केला. प्रार्थना झाली की वर्गात चादर अंथरायची, सगळ्यांनी गोल बसायचं आणि आज आपलं मन कसं आहे ते एकेकानं सांगायचं. एवढ्याशा मुलांना उदास, अस्वस्थ असले शब्द कुठून सापडणार? म्हणून टीचरनी युक्ती काढली. मन खाण्यातल्या कशासारखं आहे ते सांगा. मग कुणाचं मन गुळासारखं, कुणाचं शेंगाचटणीसारखं. संस्कृतीनं एकदा सांगितलं होतं, "आज माझं मन कडक भाकरी आहे. हात लावला की मोडणार." टीचर म्हणाल्या, "मग आपण ती आमटीत भिजवू या." आणि तिला जवळ घेऊन बसल्या.

हे मला संस्कृतीनंच सांगितलं. मी म्हटलं, छान. छानच होतं. आम्हाला शाळेत कुणी असं विचारलं होतं? माझ्या माहेरी, मंद्रूपच्या शाळेत मन दाराबाहेर चपलांपाशी ठेवायचं आणि आत जाऊन पाढे म्हणायचे. पण ती भाकरी माझ्या हातची, मी थापलेली, आणि भिजवायला दुसरीच बाई. ते काही घशाखाली उतरेना.

मग घरात शुभदा टीचर जिथं तिथं दिसायला लागल्या. नखं कापायची तर टीचर म्हणतात तशी. पाणी प्यायचं तर बसून. केसांची वेणी नको, टीचरसारखा वर अंबाडा हवा आणि त्याला पिवळी पिन. शेपूच्या भाजीसाठी मी तिच्यामागं घरभर फिरले होते, राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, शेवटी धपाटाही घातला होता. टीचरच्या डब्यात शेपू दिसला आणि ही बया घरी येऊन म्हणाली, "आई, तू शेपू का करत नाहीस गं?"

आणि एका रविवारी न्हाऊ घालताना तिच्या डोळ्यांत साबण गेला. ती हात हवेत नाचवत ओरडली, "टीचर!"

मी तांब्या हातात धरून तशीच उभी. लेकरू चुकलं होतं, वर्गात बोलून बोलून जिभेला वळण पडलं होतं, एवढं मला कळत होतं. कळून काय उपयोग? डोळ्यांत साबण गेल्यावर माणूस कुणाला हाक मारतं?

"आई म्हण," मी म्हटलं.

"डोळे झोंबतायत!"

"आधी आई म्हण."

"आई! आई! पाणी!"

मग ओतलं पाणी.

त्याच आठवड्यात ती डबा घरी विसरली म्हणून मी शाळेत द्यायला गेले. फाटकापाशी अजिंक्यची आई भेटली. अजिंक्य संस्कृतीच्या वर्गातला, तिच्याच रिक्षातला.

"बरं झालं की हो, तुमच्या संस्कृतीचं मिटलं," ती म्हणाली.

"काय मिटलं?"

"रिक्षाचं. मागच्या फळीवर उलटं बसवत होते की तिला. पेट्रोलचा वास, मळमळायचं, घाबरायची म्हणे. मनाच्या तासाला लई रडली. मग आमचा अज्या म्हणाला, मी बसतो मागं. टीचरनी त्याला टाळ्या मिळवून दिल्या." माझा चेहरा बघून ती थांबली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं की," मी म्हटलं. "बोलली होती."

संस्कृती शाळेतून आल्याबरोबर चप्पलसुद्धा काढू न देता तिला धरलं. "रिक्षाचं मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की."

"कधी?"

"तू निळ्या कॉलरी करत होतीस तेव्हा. तू हं म्हणालीस."

निळ्या कॉलरींचं काम होऊन बरेच दिवस झाले होते. मला त्या कॉलरी आठवल्या, त्यांचं कडक अस्तर आठवलं, तुटलेली सुई आठवली. लेकीचं बोलणं काही केल्या आठवेना. माझ्या जागी दुसरी कुणी बाई असती तर स्वतःवर चिडली असती. मी शुभदा टीचरवर चिडले. त्यांना काय, त्यांना त्याचाच पगार मिळतो. गोल करून बसा म्हणावं आणि ऐकावं. त्यांच्या मांडीवर कॉलरी नसतात.

रात्री जेवायला आम्ही चौघं होतो. नवरा, शिवराज, दुकानातून नुकताच आलेला. अक्कलकोट रोडला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासूबाई भिंतीला टेकून ताकभात कालवत होत्या. संस्कृतीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "शुभदा टीचर म्हणतात की राग आला तर आधी..."

"एवढं टीचर टीचर करतेस तर टीचरकडंच जा की राहायला," मी म्हटलं. "त्या घालतील न्हाऊ. त्या करतील भाकरी."

शिवराजनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याला हसू आलं. "वैजू, टीचरचं नाव काढलं की तुझ्या पोटात का दुखतंय गं?"

"माझ्या कशाला दुखेल?"

सासूबाई अक्कलकोटकडच्या. घरात मराठी बोलतात, पण नेमकं बोलायचं झालं की कानडी येतं. घास गिळून त्या म्हणाल्या, "होट्टीकिच्चू अदु."

"म्हणजे काय, अज्जी?" संस्कृतीनं विचारलं.

"होट्टी म्हंजे पोट. किच्चू म्हंजे जाळ. तुज्या आईच्या पोटात जाळ पेटलाय की गं. तू टीचर म्हनलीस की भडकतोय."

शिवराज खो खो हसला. सासूबाईही हसल्या. मी वाटी आदळली. संस्कृती तेवढी हसली नाही. ती माझ्या पोटाकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून घरात टीचरचं नाव बंद झालं.

आधी मला वाटलं, जिंकले. अंबाडा गेला, पिवळी पिन गेली, पुन्हा माझ्या हातची वेणी. मी मशीनवर गाणं गुणगुणले. मग लक्षात आलं, टीचरबरोबर बाकीचंही सगळं गेलंय. रिक्षातल्या भांडणांच्या गोष्टी नाहीत, कुणी कुणाचं खोडरबर खाल्लं ते नाही. शाळेतून यायची, दप्तर ठेवायची, लांब बसून चित्र रंगवायची.

"आज काय झालं गं शाळेत?"

"काही नाही."

"मनाचा तास झाला?"

"झाला."

"तू काय सांगितलंस?"

तिनं ओठ मिटले. माझ्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही. तू आराम कर."

आराम कर! सात वर्षांची पोरगी. मला वाटलं, त्या बाईनंच शिकवलं असणार. घरचं बोलू नका, आईला सांगू नका, जे काय ते इथं गोलात सांगा. माझं लेकरू सगळं तिकडं रितं करून घरी मोकळा डबा घेऊन येतंय, असं मला वाटायचं आणि दिवसभर मशीनचा धागा तुटायचा.

त्यात घरात काहीबाही चालू झालं. माझ्या ताटातली शेंगाचटणी गुपचूप सासूबाईंच्या ताटात जायची. मी हिरवी मिरची उचलली की संस्कृती हात धरायची. एकदा माझ्या कात्रीच्या डब्यात ओव्याची पुडी सापडली, वहीच्या कागदात बांधलेली. मला वाटलं सासूबाईंची, नेऊन त्यांच्या उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात. सकाळी रिक्षा आली की आतून अजिंक्य डोकं बाहेर काढून विचारायचा, "काकू, आज बरंय का?" मी म्हणायची, "बरंय की." तो गंभीरपणे मान हलवायचा. एका दिवशी मागच्या फळीवरून ओरडला, "काकू, ताक प्या! माझ्या मामाला ताकानंच बरं वाटलं!"

हल्लीची पोरं आगाऊ, म्हणून मी सोडून दिलं.

शनिवारी पालकसभा होती. मी मंद्रूपच्या जत्रेला घेतलेली मोरपंखी साडी नेसले. आईच्या मोत्याच्या कुड्या घातल्या. शिवराज म्हणाला, "लग्नाला चाललीस का सभेला?" शुभदा टीचर उंच असणार, गोऱ्या असणार, इस्त्रीची साडी असणार, हे सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

वर्गात टेबलामागं एक ठेंगणी बाई घाम पुसत बसली होती. हाताला खडू, अंबाड्यातून केस सुटलेले, आणि अंबाड्यात ती पिवळी पिन. कुंभारीहून एसटीनं यायच्या, असं मागून कळलं. माझ्या आधी कुणाचा तरी बाप आपल्या पोराच्या हस्ताक्षराबद्दल बोलत होता. टीचर मोबाइलवर आलेला कसलासा मेसेज वाचत होत्या आणि तो थांबला की म्हणत होत्या, "हं."

हं! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पाय हलके झाले. घरी जाऊन संस्कृतीला हे कसं सांगायचं त्याचं वाक्यसुद्धा मी जुळवलं.

मग माझा नंबर आला. "मी संस्कृतीची आई," असं म्हणताच त्या ताडकन उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझा हात धरला.

"अहो, बसा, बसा आधी. तुम्ही कशाला आलात? आता कसं आहे?"

"काय कसं आहे?"

"पोटाचं. डॉक्टर काय म्हणाले? सोनोग्राफी केली का?"

मला काही कळेना. त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर लहान मुलांच्या बाकावर बसल्या. गुडघे पार हनुवटीशी आले त्यांचे.

"संस्कृती रोज सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईच्या पोटात आग आहे. आजीनं त्या आजाराचं नावपण सांगितलंय म्हणे, कानडीत, पण तिला ते नीट म्हणता येत नाही. मुलांना लई काळजी वाटते तुमची. एक दिवस आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी डोळे मिटून प्रार्थना केली. अजिंक्यनं घरून ओवा आणला, तिनं तो तुमच्यासाठी नेला. मिळाला ना?"

"मिळाला," मी म्हटलं.

"मला वाईट वाटतं ते वेगळंच आहे." टीचर आणखी जवळ सरकल्या. "तिला वाटतं, तिच्या बोलण्यानं तुम्हाला दुखतं. ती शाळेतलं काही बोलली की आग वाढते, असं म्हणते. म्हणून घरी गप्प बसते. परवा म्हणाली, टीचर, माझं मन आज झाकण लावलेला कुकर आहे. मी तिला म्हटलं, अगं, आईला बोलल्यानं बरं वाटतं. तर म्हणाली, न्हाय टीचर, माझ्या आईला न्हाय. असं कुणी बोललंय का तिला घरात?"

वर्गात पंखा फिरत होता. भिंतीवर मुलांनी काढलेल्या भाकऱ्या, जिलब्या, कलिंगडं चिकटवली होती. त्यात एक झाकणाचा कुकर होता. त्याची शिटी लाल रंगवलेली. नाव वाचायची मला गरज नव्हती.

ही बाई माझी लेक मला परत देत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं. मी खरं सांगायचं म्हटलं तर काय सांगणार होते? बाई, तो आजार तुम्हीच आहात?

"गॅसेस झाले होते," मी म्हटलं. "आता बरंय."

"जपा हो," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर थोपटलं. त्या थोपटण्याचाही मला राग आला. असंच थोपटत असणार तिला, असं वाटलं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना झाला प्रकार सांगितला तर सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी कुटं म्हनलं आजार हाय म्हनून? जाळ हाय म्हनलं."

"लेकराला कसं कळणार, आत्याबाई?"

"तुमी दोगांनी समजावून सांगायचं. माजं नाव घालू नको त्यात." आणि पुन्हा निवडायला लागल्या. थोड्या वेळानं मान खाली घालूनच म्हणाल्या, "लई बोलायची गं पोरगी. घर भरल्यासारखं वाटायचं."

संस्कृती आत चित्र रंगवत होती. माझी साडी बघून तिचे डोळे चमकले, काहीतरी ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. ते गिळणं मी पहिल्यांदा पाहिलं. इतके दिवस ती माझ्यासमोर असंच गिळत होती आणि मी कॉलरी उलट्यासुलट्या करत होते.

मी मोरपंखी साडीचा विचार न करता फरशीवर बसले. ती सरकून बाजूला झाली. "खाली नको बसू. दुखेल."

"संस्कू, माझ्या पोटात आग नाहीये."

"अज्जी म्हणाली."

"अज्जी म्हणाली ते आजाराचं नाव नाही. ते..." हा तास मला कुणी कधी शिकवला नव्हता. शब्द माहीत होता, पण तो मी फक्त दुसऱ्यांबद्दल वापरला होता. जावेबद्दल, शेजारणीबद्दल. "त्याला हेवा म्हणतात. मला टीचरचा हेवा वाटला."

"का? त्यांच्याकडं तर स्कूटीपण नाही."

"तुला त्या लई आवडतात ना. साबण गेला डोळ्यांत तर तू त्यांना हाक मारलीस. मला वाटलं, आपली संस्कू आता आपली राहिली नाही."

तिनं रंगाचा खडू बोटांत फिरवला. मग म्हणाली, "टीचरनी अजिंक्यला टाळ्या मिळवून दिल्या ना रिक्षासाठी, तेव्हा मलापण झालं. रडले मी होते आणि टाळ्या त्याला."

"तसंच. अगदी तसंच."

"पण मला पोटातच झालं, आई." तिनं हात नेमका बेंबीच्या वर ठेवला. "हितं. तुला कुठं होतं?"

मी खोटं बोलणार होते. मग माझा हात आपोआप तिथंच गेला. "हितंच."

"म्हणजे दुखतं!" ती घाबरून म्हणाली. "मग मी नाही काही बोलणार."

"दुखतं. पण तू गप्प बसलीस ना, तर त्याहून जास्त दुखतं. तू बोल. दुखलं तर मी सांगेन तुला."

"ओवा खाशील?"

"खाईन."

ती धावत गेली, कात्रीच्या डब्यातून पुडी आणली. माझ्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवला, जरा विचार करून आणखी थोडा ठेवला आणि मी तो तोंडात टाकेपर्यंत बघत राहिली. जिभेवर तिखट, कडवट चव पसरली. मशीनवर कॉलरी तशाच पडल्या होत्या, एका कॉलरीत सुई रुतलेली. सभेत ऐकलेलं ते ‘हं’ मला आठवलं. टीचरपण हं म्हणतात, मोबाइल बघत, मी ऐकलंय, एवढं एक वाक्य. ते ओव्याबरोबर दातांखाली आलं. मी चावलं आणि गिळलं.

संस्कृती माझ्यासमोर मांडी घालून बसली. माझ्या पोटावर एक हात ठेवला, भांड्याला चटका बसतो का बघावं तसा. मग हळूच, अंदाज घेत, म्हणाली, "शुभदा टीचर म्हणतात ना..."

हाताखाली कुठंतरी कळ आलीच. तिला ती कळली असावी, कारण ती थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघू लागली.

माझ्याकडं त्यावेळी एकच शब्द होता आणि तोही त्या बाईचा. मी मान तिच्या उंचीला आणली.

"मग?" मी म्हटलं. "मग काय झालं?"